अकरा पानी अर्ज

'इनोव्हेशन' हा शब्द कोणी माझ्यासमोर काढला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. शब्दाचा काही दोष नाही. पण तो ऐकला की मला भिंतीला लागून ठेवलेलं एक लांब बाक दिसतं, त्यावर खांद्याला खांदा लावून, डोळे मिटून बसलेली सहा माणसं दिसतात, आणि त्यांच्यासमोर थेंबांची बाटली घेऊन उभी असलेली, "वर बघा, पंख्याकडं बघा," म्हणणारी मावशी दिसते. मग दिवसभर माझं कशात लक्ष लागत नाही. घरचे म्हणतात, सोड ना आता, किती वर्षं तेच उगाळत बसणार? अरे, सोडू कशी? मीच केलंय ते.

सुरुवातीपासून सांगते. हैदराबादेत हिमायतनगरच्या एका आतल्या रस्त्यावर डोळ्यांचा खासगी दवाखाना होता. दोन मजले, खाली तपासणी, वर ऑपरेशन. मी तिथे रजिस्ट्रेशनच्या काउंटरवर होते. जामबागच्या कॉलेजातून बी.कॉम. झालेली, आमच्या घरातली पहिली पदवीधर, त्याची घमेंडही थोडी होतीच. दवाखाना म्हाताऱ्या डॉक्टरांचा. ते जुन्या हैदराबादी मराठी घरातले, ज्यांच्याकडे तीन-तीन पिढ्या वकील, प्रोफेसर, सरकारी अंमलदार. आम्ही नांदेडकडून आलेले, बौद्ध वस्तीतले. त्यांचं मराठी वेगळं, आमचं वेगळं. तरी दवाखान्याच्या स्टाफमध्ये मराठी बोलणारे आम्ही तिघंच: डॉक्टर, मी आणि मावशी.

मावशी माझी सख्खी मावशी नव्हे. अफझलगंजच्या मागे आमची वस्ती, तिथे आमच्या घरापासून चौथं दार तिचं. दवाखान्यात तेलुगू पेशंट तिला अम्मा म्हणत, जुन्या शहरातले खाला म्हणत, मराठी मावशी म्हणत, आणि ती तिघांशी तीन भाषांत सारख्याच दणक्यात बोलायची. ठेकेदाराकडून सफाईच्या कामाला लागली होती, त्याला एकोणीस वर्षं झाली होती. तिच्या गळ्यातल्या कार्डावर फोटो नव्हता. ठेकेदाराचा शिक्का आणि त्याखाली एक शब्द, 'हाउसकीपिंग'. वास्तविक त्या एकोणीसपैकी चौदा वर्षं तिने झाडूला हात लावला नव्हता. ती तपासणीचा आख्खा मजला चालवत होती.

तिला एकच गोष्ट हवी होती. काम सुटायच्या आधी दवाखान्याच्या रोलवर आपलं नाव लागावं, पर्मनंट म्हणून, आणि कार्डावर आपण करतो ते काम लिहिलेलं असावं. "अटेंडंट लिवा नाहीतर काई बी लिवा," म्हणायची. "माझी आई झाडायची, सासू झाडायची, मी बी झाडलं. त्याची मला लाज नाई. पन जे सोडून चौदा वर्सं झाली ते अजून गळ्यात काहून?" दर एक-दोन महिन्यांनी ती हे डॉक्टरांना विचारायची, आणि डॉक्टर दर वेळी हसून म्हणायचे, "करू या मावशी, करू या." चौदा वर्षं 'करू या'. त्यांचा राग मला आजही येतो. त्यांना एक सही करायची होती फक्त.

आता तिचं काम काय होतं ते सांगते, म्हणजे माझा राग कशाचा आहे ते कळेल.

डोळे तपासायच्या आधी डोळ्यांत थेंब घालतात. बाहुली मोठी व्हायला अर्धा-पाऊण तास जातो, मध्ये पुन्हा थेंब घालावे लागतात, आणि तोवर माणसाला जवळचं काही धड दिसत नाही. आमच्याकडे टोकन होतं. टोकनच्या नंबराने माणूस आत जायचा, डॉक्टर टॉर्च मारून बघायचे, बाहुली उघडलेलीच नसायची, की झालं, "बाहेर बसा." आणि ज्याची उघडलेली असायची तो बाहेर धूसर डोळ्यांनी ताटकळत, कारण त्याचा नंबर मागचा. रोज भांडणं. तेलुगूत, उर्दूत, मराठीत शिव्या, आणि सगळ्या मावशीच्या वाट्याला, कारण फरशी पुसत ती तिथेच असायची. एक दिवस बिदरकडच्या एका म्हाताऱ्याला तीनदा आत नेलं, तीनदा बाहेर बसवलं. त्याची परतीची बस चुकली आणि तो लहान पोरासारखा रडायला लागला. मावशीने फडकं बादलीत आपटलं आणि सरळ डॉक्टरांच्या खोलीत शिरली.

"सायेब, नंबर मानसाला काहून देता? थेंबाला द्या की!"

डॉक्टरांना आधी कळलंच नाही. मग तिने समजावलं. एका बाकावर सहा माणसं बसतात. सहाही जणांना एकदम थेंब घालायचे, एकदम दुसऱ्यांदा घालायचे, आणि बाक तयार झालं की आख्खं बाक आत घ्यायचं. तेव्हा नर्स एकच होती आणि ती बहुतेक वेळ वर ऑपरेशनला. डॉक्टरांनी मावशीला आठ दिवस स्वतः शेजारी उभं करून शिकवलं, बाटली तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "मावशी, खालचं आता तुम्ही बघायचं." ज्याला थेंब चालत नाहीत त्याच्या कागदावर नर्स लाल खूण करून ठेवायची, बाकी सगळं मावशी.

आणि मग तिने त्यात काय काय भर घातली! शुगरवाल्यांची बाहुली सावकाश उघडते हे तिच्या लक्षात आलं, म्हणून दार उघडल्याबरोबर ती ओरडायची, "शुगरवाले पहिल्या बाकावर, जल्दी!" नांदेड, लातूर, बिदरच्या बसवाले दुसऱ्या बाकावर. एकटा आलेला माणूस ती मुद्दाम मोठ्या कुटुंबाच्या शेजारी बसवायची, म्हणजे त्याची पिशवी, त्याच्या चपला कोणीतरी सांभाळेल. भांडखोर दिसला की बाकाच्या टोकाला. आणि बाक तयार झालं की सहा जण एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून तिच्यामागे डॉक्टरांच्या दारापर्यंत ओळीने जायचे. नवे पेशंट हसायचे त्या ओळीला. पण पडलं-धडपडलं कोणी नाही, आणि जे डॉक्टर कधी दुपारचे चार वाजेपर्यंत जेवत नव्हते ते वेळेवर डबा उघडायला लागले. तेव्हा कोणी त्याला इनोव्हेशन म्हटलं नाही. आम्ही म्हणायचो 'मावशीचं बाक'.

ती वर्षं सगळ्याच वाटण्यांची होती. तिकडे राज्याचे दोन भाग होणार म्हणून आज बंद, उद्या मोर्चा, परवा बस नाही. इकडे डॉक्टरांनी दवाखाना एका मोठ्या कंपनीला विकून टाकला. आम्हाला कळलं ते नवी पाटी लागली तेव्हा. बंदच्या दिवसांत पेशंट नसायचे, तर कंपनीने तोच मुहूर्त धरून 'रीऑर्गनायझेशन' सुरू केलं. कोणाचं खातं कुठे, कोण कोणाच्या हाताखाली, सगळं नव्याने. एक फॉर्म आला, त्यात लिहायचं, तुम्ही लोकल की नॉन-लोकल. जो तो त्या दिवसांत हेच विचारत होता. मावशीने फॉर्म वाटणाऱ्या माणसाला विचारलं, "मी लग्न होऊन हितं आले, लेकरं हितं झाली, नवरा हितल्या मसनवट्यात गेला. मी कोन?" तो म्हणाला, "अम्मा, टेन्शन नका घेऊ, तुमचा फॉर्म ठेकेदार भरेल." म्हणजे ती ना या वाटणीत, ना त्या.

मग एका बंदच्या दिवशी आम्हा सगळ्यांना वरच्या हॉलमध्ये बोलावलं. एक तरणाबांड कन्सल्टंट, हातात रिमोट, पडद्यावर बल्बचं चित्र. तो म्हणाला, इनोव्हेशन म्हणजे नुसती नवी कल्पना नाही. कल्पना काय, कोणालाही सुचते. ती कामात उतरली पाहिजे, आणि अशी उतरली पाहिजे की कोणालाही करता यावी. माणूस बदलला तरी काम चाललं पाहिजे. मी हे वहीत उतरवून घेतलं! 'माणूस बदलला तरी' याच्याखाली रेघसुद्धा मारली. मला वाटलं, वा, काय पद्धतशीर लोक आहेत. बी.कॉम.ला मॅनेजमेंटच्या पेपरात मी असंच काहीतरी पाठ केलं होतं. शेवटी एचआरच्या मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, प्रत्येकाने आपल्या कामातली एखादी सुधारणा लिहून द्या. ठेकेदाराच्या माणसांनीही द्या. ज्यांची निवड होईल त्यांना रोलवर घेण्याचा विचार केला जाईल.

मी मान वळवून मावशीकडे बघितलं. ती दारापाशी उभी होती. तिने दोन्ही भुवया वर करून मला विचारलं, खरंच का? मी मान डोलावली.

इथे माझ्या वडिलांचं थोडं सांगावं लागेल. ते कोर्टात चपराशी होते. वकिलांच्या मागे फायली घेऊन फिरता फिरता अर्जाची भाषा शिकले. वस्तीत कोणाचं रेशन अडलं, शाळेचा दाखला अडला, नळ येईना, की आमच्या दारात चटई टाकून ते अर्ज लिहायचे. आमच्या लोकांचा लेखी कागदावर फार जीव. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षराला शिवू दिलं नाही त्यांना त्याचं किती अप्रूप, हे दुसऱ्याला नाही कळायचं. दुसरे लोक काम अडलं की ओळख काढतात, कोणाच्या तरी काकांना फोन लावतात. आम्हाला कुठले काका? आम्ही अर्ज करतो. मुद्देसूद, खरा, खाली तारीख, आणि प्रत्येक पानावर सही, म्हणजे मधलं पान कोणी बदलू नये. हे माझ्या अंगात इतकं भिनलेलं होतं की दुसरं काही सुचलंच नाही.

तीन रविवार मी मावशीच्या ओट्यावर बसून लिहिलं. साधी चिठ्ठी पुरली असती, पण छे! मला दाखवायचं होतं ना! पहिल्या बाकावर कोण, दुसऱ्यावर कोण, थेंबांत अंतर किती, शुगर आहे का हे कोणत्या भाषेत कसं विचारायचं, भांडखोर कसा ओळखायचा, एकट्याला कुठे बसवायचं, सगळं. मावशी भाजी निवडता निवडता सांगायची आणि मी खोदून खोदून विचारायची. ती वैतागायची. "अगं, एवढं काय लिवायलीस? हे तर समोर मानूस आला की आपोआप कळतंय." मी म्हणायची, "मावशी, लिहिलं नाही तर कोणाला कळणार तुझं आहे म्हणून?"

आणि पान चारवर मी लिहिलं: 'गेली चौदा वर्षे अर्जदार स्वतः रुग्णांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालीत आहे व आजवर एकही तक्रार आलेली नाही.' अभिमानाने लिहिलं. मग इंग्रजीत उतरवलं. अकरा पानं झाली. मावशीला सही यायची, पण सावकाश, एकेक अक्षर गिरवत तिने अकरा सह्या केल्या, आणि शेवटच्या सहीनंतर बोटं झटकत म्हणाली, "आता नाई दिलं तर बघते एकेकाला."

निवड झाली. आलेल्या सगळ्या अर्जांत पहिला नंबर. आठवडाभर कंपनीची दोन माणसं हातात घड्याळ आणि कॅमेरा घेऊन बाकांसमोर बसली. मावशी त्यांना चहा पाजायची, स्वतः होऊन दाखवायची, "हे बघा सायेब, ह्या बाईचा हात थंड आहे, ही घाबरलीय, हिला आधी बोलतं करायचं." ते लिहून घ्यायचे. एचआरच्या मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला आणि म्हणाल्या, "मावशी तो हमारी स्टार है!" मावशीने त्याच संध्याकाळी स्टुडिओत जाऊन पासपोर्टच्या मापाचे आठ फोटो काढून आणले. कार्डासाठी. नवीन निळी साडी, केस चापून बसवलेले, ओठ घट्ट मिटलेले. मला विचारलं, "आठ पुरतील ना?"

पंधरा दिवसांनी तिला पत्र आलं. इंग्रजीत. तिने ते तसंच घडी करून ब्लाउजमध्ये ठेवलं, घरी जाऊन वाचून घेऊ म्हणाली. मला मात्र काउंटरवर त्याची प्रत मिळाली, रेकॉर्डला लावायला. मी उभ्या उभ्या वाचली. पात्रता नसताना, हाउसकीपिंगच्या पदावर असताना, रुग्णांच्या डोळ्यांत औषध घातल्याचं अर्जदाराने स्वतःच्या सहीनिशी मान्य केलं आहे, पान चार. कंपनीच्या नियमांत हे बसत नाही. सबब ठेकेदारास कळवण्यात येत आहे की सदर कामगार उद्यापासून पाठवू नये.

मी तशीच एचआरच्या केबिनमध्ये घुसले. मॅडम अगदी गोड. म्हणाल्या, तुम्ही भावनेच्या भरात बोलताय. पद्धत उत्तमच आहे, ती आपण सगळ्या शाखांत नेतोय. पण रिस्क समजून घ्या, उद्या कोणाच्या डोळ्याला काही झालं तर? मी म्हटलं, चौदा वर्षांत नाही झालं ते उद्या होणार? आणि एवढीच रिस्क होती तर तिला शिकवा, परीक्षा घ्या, नुसतं बसवणं तरी करू द्या, थेंब नर्स घालेल! त्या म्हणाल्या, "बसवणं आता कोणीही करेल ना. तुम्ही किती छान लिहून दिलंय सगळं." त्यांच्या टेबलावर माझी अकरा पानं होती, स्पायरल बाइंडिंग केलेली. खरं सांगते, तेव्हा मला त्या बाईच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या.

मग डॉक्टरांकडे गेले. ते आता 'मेंटर' होते, आठवड्यातून दोनदा यायचे. मी म्हटलं, "सर, बाटली तुम्ही दिलीत तिच्या हातात. एक ओळ लिहून द्या, माझ्या सांगण्यावरून घालत होती म्हणून." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "अगं, मी तोंडी म्हटलं होतं. आता या वयात लेखी काही दिलं तर माझं लायसन्सच अडचणीत येईल. तू समजून घे." मी म्हटलं, "मी समजून घेते सर, पण तिला कोण समजावणार?" ते म्हणाले, "मावशी समजूतदार आहेत." समजूतदार! एकोणीस वर्षं राबवून घ्यायचं, तोंडाला पानं पुसायची आणि वर समजूतदार म्हणायचं. मी दार आपटून बाहेर आले, एवढीच काय ती माझी मर्दुमकी.

संध्याकाळी मी मावशीच्या घरी गेले तर तिने चूल-भांडी आटपून, हातपाय धुऊन, पत्र समोर ठेवलेलं. सुनेला हाक मारली, "चहा टाक गं, पत्र वाचायला आलीय ती." मला वाटलं, थोडं सौम्य करून सांगावं. पण मला कागद खोटा वाचता येत नाही. मी शब्द न्‌ शब्द मराठीत सांगितला. सून चहाचं पातेलं हातात धरून दारातच उभी राहिली.

मावशीने पत्राची पुन्हा घडी घातली. मग तिने विचारलं, "पान चारला काय लिवलं होतंस?"

मी सांगितलं.

"ते लिवायचं काय कारन होतं?"

"खरं होतं ना मावशी."

"खरं होतं!" ती इतक्या जोरात ओरडली की शेजारची माणसं बाहेर आली. "माझं काम होतं ते. माझ्या हाताचं. तू खोदून खोदून काढून नेलंस आन्‌ त्यांच्या ताटात नेऊन वाढलंस. तुझा बाप अर्ज लिवायचा तवा अर्धा घंटा नुसता इचारत बसायचा. हे लिवू का, ते झाकू का. त्याला ठावं होतं, कागद कुनाच्या हातात जायचाय. तू कालेज शिकलीस, पन तेवढं नाई शिकलीस."

मी म्हटलं, "मावशी, परत अर्ज करू. लेबर ऑफिसला करू. मी लिहिते."

"ऊठ," ती म्हणाली. "च्या नको पाजूस गं तिला. ऊठ, घरी जा."

मी उठले. तिच्या दारापासून माझ्या दारापर्यंत चार घरं, पण तेवढं चालताना गल्लीतला प्रत्येक माणूस माझ्याकडे बघतोय असं वाटलं. मला तिचाही राग आला, खोटं कशाला बोलू? मनात म्हटलं, मी काय वाईटासाठी केलं? पण त्या रागात दम नव्हता. वडील अर्ज लिहिताना चटईवर बसलेल्या माणसाला हळू आवाजात काहीबाही विचारायचे, ते मी लहानपणापासून बघितलं होतं. मला वाटायचं, शुद्धलेखनासाठी विचारतायत. ते काय गाळायचं ते ठरवत होते, हे मला मावशीने ओरडून सांगेपर्यंत कळलं नव्हतं.

मी राजीनामा दिला नाही. लोकांना वाटतं, अशा गोष्टीत शेवटी माणूस तोंडावर कागद फेकून निघून जातो. मुलांच्या फिया होत्या, घराचं भाडं होतं, आणि मी पर्मनंट होते. उलट, कंपनीने एका मोठ्या हॉटेलात 'इनोव्हेशन डे' केला त्यात मला स्टेजवर बोलावलं. मावशीच्या बाकाचं नाव आता 'सिंक्रो-सीटिंग' झालं होतं. पडद्यावर बाकांचा फोटो होता. खांद्यावर हात ठेवून चाललेली ओळ होती. ओळीच्या पुढे जी बाई चालत होती ती फोटोतून कापलेली होती, नुसता निळ्या पदराचा एक कोपरा राहिलेला. टाळ्या वाजल्या. मला सर्टिफिकेट मिळालं आणि ट्रेनिंगची जबाबदारी मिळाली. नव्या शाखा निघाल्या की मी जायचं आणि शिकवायचं.

मावशी पुढे एका फंक्शन हॉलमध्ये लागली. लग्नाच्या जेवणावळी झाल्या की मागे भांडी घासायची आणि हॉल झाडायचा. गल्लीत समोरासमोर आलो तर ती माझ्याकडे न बघता निघून जायची. माझ्या मुलीशी बोलायची, तिला सणाला फराळ द्यायची. माझ्याशी नाही.

आणि त्या पद्धतीचं काय झालं म्हणाल, तर चालते. अगदी बेताची चालते. माझ्या अकरा पानांत जेवढं बसलं तेवढं चालतं. आता टॅबवर सहा चौकोन येतात, सहा भरले की नर्सला घंटी वाजते. घाबरलेल्या बाईचा थंड हात टॅबला कळत नाही आणि एकटा आलेला माणूस चपला शोधत फिरतो. हे मी मीटिंगमध्ये सांगितलं तर म्हणाले, तुम्ही लिहून द्या. मी नाही दिलं. हट्! तेवढं एक मी शिकले.

नव्या शाखेतल्या पहिल्या ट्रेनिंगला तीसेक जण होते. मी बाकं कशी लावायची ते दाखवलं, शुगरवाले पहिल्यांदा का ते सांगितलं, पडद्यावर तो कापलेला फोटो दाखवला. सगळे माना डोलवत होते. मागच्या ओळीतून एका वयस्कर नर्सने हात वर केला. म्हणाली, "मॅडम, खूप दिवस दवाखान्यात उभं राहिलेल्या माणसालाच हे सुचू शकतं. कोणी काढलं हे?" हॉलच्या शेवटी एचआरच्या मॅडम बसल्या होत्या. त्यांनी फोनमधून डोकं वर काढून माझ्याकडे बघितलं. मावशीचं नाव माझ्या अगदी ओठांवर होतं, पूर्ण नाव, जसं मी अर्जाच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं तसं.

"टीमने," मी म्हटलं आणि पुढची स्लाइड लावली.